संपल्यावर काय बघायचं?

आमच्या वसई-विरार पट्ट्यात घरोघरी दोन प्रश्नांवर कायम खल चाललेला असतो. एक, आज पाणी किती वाजता येणार? आणि दोन, आता पुढची ॲनिमे कोणती बघायची? पहिल्या प्रश्नाचं उत्तर निदान सोसायटीच्या वॉचमनला तरी ठाऊक असतं. दुसऱ्याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेच नसतं. म्हणूनच बहुधा ते द्यायला प्रत्येक जण एका पायावर तयार असतो.

ॲनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका, हे आता फोड करून सांगायला नको. सकाळच्या विरार लोकलमध्ये भोवती नजर टाकली, की कुणाच्या छातीवर ‘नारुतो’ असतो, कुणाच्या बॅगेला गवती टोपी घातलेली कवटी लटकत असते, आणि वह्यांच्या पुठ्ठ्यांवर जिथे पूर्वी क्रिकेटपटू असायचे तिथे मोठ्या डोळ्यांची, निळ्या-जांभळ्या केसांची मंडळी येऊन बसलेली असतात. आमच्या कुटुंबात या पंथाची दोन माणसं आहेत. मुलगी कॉलेजात शिकते. भाचा विरारला राहतो, फोर्टात नोकरीला जातो आणि रविवारी माणिकपूरला आमच्याकडे जेवायला येतो. जेवणं उरकली की दोघांची बैठक बसते. विषय एकच. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ऐकतो, आणि ऐकून ऐकून या बाबतीत आता माझीही काही मतं झाली आहेत.

आमच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं आणि आम्ही ते बघायचो. बघायचं की नाही, याला कुणी आमची परवानगी विचारली नव्हती. नाना पाटेकरांच्या आवाजात शेरखान गुरगुरला की अंथरुणातलं शेवटचं पोरही उठून बसायचं. ती मालिका जपानमधल्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली केलेली आणि ५२ भागांची, ही माहिती मला मुलीने पुरवली. म्हणजे ज्यांना आम्ही ‘हे काय जपानी बघता रे’ म्हणून हटकत होतो, त्यांच्या आधी आम्हीच तोंड न धुता जपानी बघत होतो. माझ्या आईला तर हे अजून पटलेलं नाही. “मोगली कसा जपानी असेल? तो तर चड्डीत होता,” हा तिचा बिनतोड मुद्दा.

पुढे केबल आली. हंगामा वाहिनीवर ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ हिंदीतून बोलू लागले आणि अस्सल मराठी घरांतली पोरं वरणभातसुद्धा हिंदीत मागू लागली. २०१२च्या डिसेंबरात कलर्सवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ लागली. जपानमध्ये १९६८ साली सुरू झालेली बेसबॉलची एक गाजलेली मालिका उचलून, त्यातलं बेसबॉल काढून तिथे क्रिकेट घातलेलं आणि नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला. भाच्याने ती क्रिकेट दिसलं म्हणून बघितली. पण निवड तेव्हाही आपली नव्हती, वाहिनीची होती. जे लागेल ते आणि जेव्हा लागेल तेव्हा. आवडलं नाही तर उठून गॅलरीत जायचं, एवढंच स्वातंत्र्य.

मग हार्डडिस्कचा जमाना आला. आमच्या बिल्डिंगमध्ये एक काळी हार्डडिस्क या घरातून त्या घरात फिरायची. तिच्यात जे असेल ते बघायचं. ‘डेथ नोट’ सगळ्यांनी बघितली, कारण ती त्या डिस्कमध्ये होती. ‘नारुतो’चे मधलेच काही भाग कुणीच बघितले नाहीत, कारण ते कुणीतरी लग्नाचे फोटो ठेवायला जागा हवी म्हणून पुसले होते. २०१८च्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्यात गेलं, रुळांवर पाणी चढलं, गाड्या बंद, वीज गायब. तेव्हा भाचा आमच्याकडेच अडकला होता. लॅपटॉपच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर काय बघायचं, यावर दोघांत एका मिनिटात एकमत झालं, कारण लॅपटॉपमध्ये एकच मालिका होती. इतका निर्णायक काळ त्यानंतर आमच्या घराने बघितलेला नाही.

आता सगळंच मिळतं. महिन्याच्या वर्गणीत हजारो तासांचं जपान फोनमध्ये येऊन पडतं. त्यात वर्षाचे चार हंगाम. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर उजाडला की नव्या मालिकांचा ताफा दाखल होतो, आणि बहुतेकांचे आठवड्याला एक या बेताने बारा-तेरा भाग येतात. पहिल्या हंगामातलं ताट उष्टं असतानाच दुसरं वाढलेलं असतं. आणि मग रविवारी दुपारी बैठक बसते : आता पुढची कोणती?

भाच्याचा पहिला निकष लांबी. हे निव्वळ गणित आहे आणि ते तो तोंडी करतो. एक भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं गाणं दीड मिनिट, शेवटचं दीड मिनिट. दोन्ही ओलांडली तर उरली २१. वसई रोड ते बोरिवली जवळपास तेवढंच. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, फास्ट गाडीला दीड तासाच्या आतबाहेर. त्यात तीन भाग आरामात बसतात, आणि गाडी भाईंदरच्या खाडीअलीकडे सिग्नलला थबकली तर चौथ्याचं नाक दिसतं. बारा भागांची मालिका म्हणजे चार सकाळी. ‘फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहूड’ ६४ भागांची, म्हणजे महिनाभराचा पास. ‘वन पीस’ १९९९च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि अकराशे भाग ओलांडूनही चालूच आहे. रोज तीनच्या हिशेबाने, रविवार आणि सुट्ट्या सोडून, तिला सव्वा ते दीड वर्ष लागेल. शिवाय तोवर पुढचे भाग आलेले असणार. “मामा, ही मालिका नाही, ही नोकरी आहे,” असं म्हणून तो ती दर वर्षी पुढे ढकलतो. संध्याकाळचा परतीचा प्रवास या हिशेबात धरलेला नाही. दादरला चढलेल्या माणसाचा हात जिथे अडकतो तिथेच तो विरारपर्यंत राहतो. फोन खिशात असला तर खिशातच.

चाहत्यांमध्ये तीन भागांचा एक नियम आहे. कुठलीही मालिका निदान तीन भाग बघावी आणि मगच ठेवायची की टाकायची ते ठरवावं. याच्या पुराव्यादाखल ‘मादोका मॅजिका’ या २०११च्या मालिकेचं नाव हमखास निघतं. दोन भाग गोड गोजिऱ्या मुलींचे, आणि तिसऱ्यात गोष्ट अशी उलटते की बघणारा फोन खाली ठेवतो. हा नियम जगात कुणी का केलेला असेना, भाच्याच्या मते तो विरार-चर्चगेट लोकल समोर ठेवूनच केलेला आहे. विरारला मालिका सुरू करायची, चर्चगेटला निकाल द्यायचा.

पण त्याच्या निकालात हल्ली इतरांचाही वाटा असतो. विरार लोकलच्या डब्यात भजनी मंडळ असतं, पत्त्यांचा फड असतो, वाढदिवसाचे केक कापले जातात. तसं त्याच्या डब्यात नकळत एक ॲनिमे मंडळ स्थापन झालं आहे. तो ‘डीमन स्लेअर’ बघत होता. त्यात नायकाची बहीण राक्षसीण होते आणि तो तिला लाकडी पेटीत घालून पाठीवर घेऊन हिंडतो. शेजारचे काका आधी तिरप्या नजरेने बघायचे, मग सरळ नजरेने. पुढे इअरफोनची एक बाजू त्यांच्या कानात गेली. उभ्याने प्रवास करणारे दुसरे काका वरून इंग्रजी अक्षरं वाचू लागले. आवाज हिंदी, अक्षरं इंग्रजी आणि दोन्हींचा मेळ शंभर टक्के बसत नाही. त्यामुळे अंधेरीपर्यंत त्या दोघांच्या डोक्यात दोन थोड्या निराळ्या मालिका तयार होत. एके दिवशी भाच्याने कंटाळून दुसरंच काही लावलं. काकांनी कानातलं काढलं.

“अरे, ती बहीण पेटीत होती ना? तिचं काय झालं?”

“काका, ते नंतर बघू.”

“नंतर म्हणजे कधी? उद्या माझी रजा आहे. परवापर्यंत पुढे जाऊ नको.”

आता पुढची मालिका मंडळाच्या संमतीने ठरते. एकाला मारामारी हवी, एकाला रडारड चालत नाही, तिसऱ्याची निवृत्ती जवळ आल्यामुळे त्याला लवकर संपणारीच पाहिजे. ‘वन पीस’चा विषय निघाला तेव्हा त्या तिसऱ्याने हात जोडले.

मुलीची पद्धत शास्त्रशुद्ध. तिचा गुणांवर विश्वास. मायॲनिमेलिस्टवर दहापैकी किती, हे बघितल्याशिवाय ती पहिला भाग लावत नाही. आठाच्या खाली उतरायचं नाही, नऊच्या वर असेल तर विचारायचं नाही. या गुणपत्रिकेवर ‘ब्रदरहूड’ने वर्षानुवर्षं पहिला नंबर राखला होता. २०२३च्या शेवटी ‘फ्रीरेन’ आली आणि तिला तिथून हलवलं. त्या दिवसांत आमच्या घरी जी चर्चा झाली, ती मुलीच्या दहावीच्या निकालावर झाली नव्हती. मला यात एकच शंका आहे. दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांनी एका मालिकेचा दुसरीपेक्षा मोठेपणा ठरतो, पण ते गुण देणारे लाखो लोक कोण? त्यांतला कुणी रात्री दोनला जागून शेवटचा भाग बघून, डोळे पुसत दहापैकी दहा देऊन झोपलेला असतो. कुणी आवडत्या मालिकेची प्रतिस्पर्धी म्हणून एक गुण देऊन गेलेला असतो. सरासरी काढली की दोघंही सभ्य दिसतात.

गुणांच्या पलीकडे स्टुडिओचे भक्त असतात. पूर्वी लोक ‘दिग्दर्शक कोण’ विचारायचे, तसं ही मंडळी ‘युफोटेबलची आहे की मापाची?’ विचारतात. मला पहिल्यांदा वाटलं की कपड्यांची गोष्ट चालली आहे. काही जण फक्त सुरुवातीच्या गाण्यावर निर्णय घेतात. दीड मिनिटाच्या त्या गाण्यात सगळी पात्रं एकदा तरी धावतात, एकदा आकाशाकडे बघतात, आणि वारा नेहमी डावीकडून येतो. गाणं चांगलं असलं की गोष्ट चांगली असणारच, या श्रद्धेला तर्क नाही, पण एवढ्या श्रद्धेवर आपण निवडणुकीत मतं देतो, तेव्हा हसू नये.

याद्या करणारे वेगळेच. मोठ्या मालिकांत भरतीचे भाग असतात. त्यांना फिलर म्हणतात. मूळ चित्रकथा आठवड्याला एक प्रकरण या वेगाने छापली जाते. पडद्यावरची मालिका धावत धावत तिला गाठते, आणि मग लेखकाचं पुढचं प्रकरण येईपर्यंत मालिकावाले पदरचं काहीतरी घालून वेळ काढतात. ‘नारुतो’ची दोन्ही पर्वं मिळून ७२० भाग आहेत, आणि त्यांतले कोणते गाळावेत याच्या याद्या चाहते पाठ म्हणतात. सायंकाळच्या कौटुंबिक मराठी मालिकांतही हे भरताड असतंच, पण माझी आई म्हणते की त्यातला एकही भाग गाळायचा नाही. मंगळागौरीच्या भागात कुणी कुठली साडी नेसली होती, हे पुढे खटल्यात उपयोगी पडतं.

सर्वांत धोक्याची ती मैत्रीखातर केलेली शिफारस. “बघच. डोळे झाकून बघ.” किती भाग? “चोवीस. पण बारा भाग धीर धर, मग जी पकड घेते ना!” ‘स्टाइन्स;गेट’बद्दल मुलीच्या मैत्रिणीने हेच सांगितलं होतं. जो माणूस बारा भाग धीर धरायला सांगतो, त्याची मैत्री खरी आहे की कर्जाऊ, हे तेरावा भाग ठरवतो. या मालिकेपुरती मैत्री टिकली. पण शिफारस करणाऱ्याचा चेहरा त्या बारा भागांत बघण्यासारखा असतो. तो रोज विचारतो, “कुठवर आलीस?” आणि उत्तर ऐकून नुसता हसतो. पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या माणसाचं हसू सहन करणं हा मालिका बघण्यातला सर्वांत अवघड भाग.

आमच्या शेजाऱ्यांचे पाहुणे नंदाखालचे. त्यांचा मुलगा मुलीच्या वर्गात आहे. त्याने घरी ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ लावली. १९९५ची, २६ भागांची. पडद्यावर आकाशाएवढे क्रूस उभे राहताना बघून त्याच्या आजीला भरून आलं. नातू शेवटी काहीतरी चांगलं बघतो आहे म्हणून ती जपमाळ घेऊन शेजारी बसली. थोड्या वेळाने क्रुसाशेजारून एक अजस्र यंत्रमानव गेला आणि देवदूत म्हणून जे आलं ते शहर जाळू लागलं. आजी उठून आत गेली. ते क्रूस दिसायला छान म्हणून वापरले होते, हे त्या मालिकेच्या सहायक दिग्दर्शकानेच पुढे सांगून टाकलं आहे. पण हे आजीला सांगायची हिंमत नातवाला झालेली नाही.

आमच्याकडे आईसाठी निवड सोपी होती. युगो साको या जपानी माणसाने राम मोहन यांच्यासारख्या भारतीय कलावंतांना बरोबर घेऊन केलेला ‘रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा चित्रपट २०२५च्या जानेवारीत इथल्या चित्रपटगृहांत नव्याने लागला. आईला घेऊन आम्ही तिघं गेलो. बघून झाल्यावर ती म्हणाली, “चांगलं काढलंय. आता पुढचा भाग कधी?” ॲनिमे जातीचे प्रेक्षक आमच्या घरात दोन नाहीत, तीन आहेत, हे त्या दिवशी कळलं. पुढे काय होणार हे पाठ असताना पुढचा भाग मागणं ही तर चाहतेपणाची शेवटची पायरी.

निवड कधीकधी तारीखही करते. २०१९ साली ‘वेदरिंग विथ यू’ भारतात यावा म्हणून इथल्या चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली होती, आणि तो आला. आता मोहिमा काढाव्या लागत नाहीत. २०२५च्या १२ सप्टेंबरला ‘डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ आला तेव्हा मुंबईत पहाटेचे खेळ लागले. पहाटे उठून सिनेमाला जायचं या कल्पनेने मुंबईकर चाहते हवालदिल झाले असतील. विरारकरांना त्यात विशेष वाटलं नाही. चर्चगेटची पहिली लोकल पहाटे चारच्या आधीच सुटते. मात्र हा चित्रपट आधीचं सगळं बघितल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये आमच्या ओळखीतल्या निम्म्या पोरांनी बाकी सगळ्या मालिका बाजूला सारून मागचे सगळे भाग संपवले. डब्यातल्या काकांनी भाच्याबरोबर तिकीट काढलं. पेटीतल्या बहिणीचं काय झालं, ते आता त्यांना सविस्तर माहीत आहे.

‘अटॅक ऑन टायटन’च्या दिवसांत तर वसईच्या किल्ल्यावर हिरवी उपरणी पांघरून पोरं तटाच्या दिशेने धावताना दिसायची. तटबंदीच्या आत कोंडलेली माणसं आणि बाहेर राक्षस, अशी ती गोष्ट. चित्रीकरणाला तट हवा होता, तो आमच्याकडे आयता होता. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने याच तटाला सुरुंग लावले होते. त्यानंतर इतक्या आवेशाने त्यावर चाल करून गेलेले हेच.

आता एवढे निकष, एवढ्या पद्धती. तरी मुलीच्या फोनमध्ये ‘बघायच्या आहेत’ अशी जी भली मोठी यादी आहे, तिच्यातली मालिका ती कधीच बघत नाही. हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. यादी तिनेच केलेली, गुण बघून, भाग मोजून, स्टुडिओ तपासून. मालिका संपते, ती यादी उघडते, वरपासून खालपर्यंत बोट फिरवते, यादी बंद करते आणि तिसरंच काहीतरी लावते किंवा काहीच लावत नाही.

‘फ्रीरेन’ संपली तेव्हा मला त्याचं कारण उमगलं. हजारो वर्षं जगणारी एक जादूगारीण. तिच्याबरोबर दहा वर्षं हिंडलेला नायक म्हातारा होऊन मरतो, आणि त्याच्या अंत्यविधीला तिच्या लक्षात येतं की आपण या माणसाला नीट ओळखून घेतलंच नाही. गोष्ट सुरू होते ती त्यानंतर. २८ भाग संपले त्या रात्री मुलीने यादी उघडली. वरची तीन नावं तलवारबाजीची होती. तिने फोन ठेवला आणि आजीच्या खोलीत जाऊन बसली. “आजी, तू लहानपणी वसईत कुठे राहायचीस? शाळेत कशी जायचीस?” आजीने दोन-तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि मग चष्म्यावरून बघून विचारलं, “किती पैसे पाहिजेत?”

माझं मत झालं ते असं. यादी करणारी मुलगी आणि मालिका संपवून बसलेली मुलगी या दोन वेगळ्या मुली असतात. पहिलीने दुसरीसाठी जेवढं ठरवून ठेवलं तेवढं सगळं फुकट, कारण मधल्या २८ भागांत काय झालं हे पहिलीला ठाऊकच नव्हतं. पुढची मालिका कोणती, हे गुण ठरवत नाहीत, भाचा ठरवत नाही, लोकल ठरवत नाही. ते नुकतीच संपलेली मालिका ठरवते. ती जाताना माणसाला ज्या जागी सोडून जाते, तिथून जे दिसतं तेच त्याला बघावंसं वाटतं.

चाहते हे जाणतात, फक्त बोलून दाखवत नाहीत. चांगली मालिका संपली की ते सुतक पाळतात. किती दिवसांचं, ते नात्यावर अवलंबून. बारा भागांच्या हलक्याफुलक्या मालिकेला आंघोळ केली की फिटलं. पण जिच्याबरोबर दहावीपासून नोकरीपर्यंतची वर्षं गेली, तिचं लांबतं. ‘अटॅक ऑन टायटन’ २०१३ला सुरू झाली ती २०२३ला संपली. शाळेत सुरू केलेली मालिका भाच्याने कमावता होऊन संपवली. त्यानंतर काही दिवस तो लोकलमध्ये नुसता खिडकीबाहेर बघत बसायचा. नायगावची मिठागरं, खाडी, मिरा रोडच्या इमारती. काकांनी चौकशी केली, “तब्येत बरी आहे ना?” तो म्हणाला, “एक संपली.” काकांनी जास्त विचारलं नाही. कोण संपली, याचा त्यांनी काय अर्थ घेतला कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यासाठी डब्यातून सुकेळी आणली.

या सुतकात माणसं दोन तऱ्हांनी वागतात. काही जण अगदी तसंच काहीतरी शोधतात. ‘डेथ नोट’सारखी दुसरी सांगा, ‘फ्रीरेन’सारखी आणखी एक सांगा. तशी मिळत नाही. मिळाली तरी पहिलीची आठवण काढून ते तिला छळतात, आणि बिचारी तिसऱ्या भागात टाकून दिली जाते. तिचा दोष एवढाच की ती दुसरी आली. दुसरे काही जण नेमकं उलटं टोक धरतात. राजकारण आणि रक्तपात झाला की शाळेतल्या मुली चहा पीत गप्पा मारतात अशी मालिका लावतात, जिच्यात काही म्हणजे काही घडत नाही. माझा कल या दुसऱ्यांकडे आहे. आणि सर्वांत शहाणे ते, जे नवं काहीच लावत नाहीत. जुन्याच मालिकेचा पहिला भाग पुन्हा लावून बसतात. सगळी पात्रं तेव्हा हयात असतात.

आणखी एक जात आहे, तिची मला जरा भीती वाटते. शेवटच्या भागाची नामावली वर सरकत असतानाच ही माणसं पुढच्या मालिकेचा पहिला भाग लावतात. यंत्र त्यांना मदतच करतं. पाच, चार, तीन असे आकडे मोजून ते आपणहून पुढचं सुरू करून देतं. अशा माणसांनी वर्षाकाठी शे-दीडशे मालिका बघितलेल्या असतात आणि त्यांना एकही धड सांगता येत नाही. त्यांना मालिका विचारली की ते गुण सांगतात.

तेव्हा तुमच्या घरात कुणी पोरगं तोंड पाडून ‘आता पुढे काय बघू?’ म्हणालं, तर लगेच नाव सुचवू नका. ‘आमच्या वेळी मोगली होता’ हे तर मुळीच सांगू नका. आधी एवढंच विचारा, “काय संपलं? कसं होतं?” आणि मग उत्तर पुरतं ऐकून घ्या. मध्ये फोन बघू नका, जपानी नावं चुकली तर हसू नका. पुढचं नाव बहुतेक वेळा ते सांगता सांगता त्याचं त्यालाच सुचतं. नाहीच सुचलं तर आठवडाभर थांबायला सांगा. ऑक्टोबर असो की जानेवारी, जपानकडून माल यायचा थांबत नाही.